सोन्याचा वर्ख आणि चुंबकी भोवरे

दिवाळीच्या ताटात मिठाईवर चांदीचा वर्ख चढवलेला असतो. तो इतका पातळ की, फुंकर घातली तरी उडून जावा. शोभेच्या ह्या वस्तूने पदार्थविज्ञानाच्या इतिहासात एकदा मोठी कामगिरी बजावली, हे मात्र फारसे कुणाच्या ध्यानी नसते. तो वर्ख चांदीचा नव्हता, सोन्याचा होता. गाव होते अमेरिकेतले बाल्टिमोर आणि साल होते १८७९.

तेथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात एडविन हॉल नावाचा तरुण शिकत होता. थोर शास्त्रज्ञ मॅक्सवेल ह्यांच्या १८७३ च्या ग्रंथात त्याला एक विधान आढळले. चुंबकाजवळ विजेची तार नेली असता तिच्यावर जे बल पडते, ते तारेवर पडते. तिच्यातून वाहणाऱ्या प्रवाहावर नव्हे, असा त्याचा आशय. हॉलला ते पटेना. तार घट्ट बांधून ठेवली, तर आतला प्रवाह तरी एका काठाकडे ओढला जाऊ नये काय? आपले गुरू हेन्री रोलंड ह्यांच्यापाशी त्याने शंका काढली. मॅक्सवेलच्या शब्दाबद्दल रोलंडही साशंकच होते. त्यांनी पूर्वी धातूच्या तबकडीवर हा प्रयोग करून पाहिला होता, पण हाती काही लागले नव्हते. तबकडी जाड होती, हेच बहुधा कारण असावे. आता त्यांनी शिष्याला सांगितले, काचेवर सोन्याचा वर्ख चिकटवून पाहा.

२८ ऑक्टोबर १८७९ रोजी हॉलने तसे केले. वर्खातून लांबीच्या दिशेने प्रवाह सोडला, पृष्ठभागाला लंब असे चुंबकी क्षेत्र लावले आणि रुंदीच्या दोन काठांना गॅल्व्हानोमीटर जोडला. काटा हलला, चुंबकाची दिशा उलटताच तोही उलटला. मॅक्सवेलचे वचन खोटे ठरले होते. आणि त्यानंतर आठच दिवसांनी, ५ नोव्हेंबरला, मॅक्सवेल निवर्तले.

ह्यात पातळपणाचे महत्त्व काय? प्रवाह तेवढाच ठेवला, तर पदार्थ जितका पातळ तितका हा आडवा दाब अधिक. जाड तबकडीत जे दडून राहिले, ते वर्खाने उघड केले. पुढे हॉलने लोखंड घेतले. तेथे परिणाम सोन्याच्या उलट दिशेने आला आणि कितीतरी पटींनी मोठा निघाला. लोखंडाचे स्वतःचे चुंबकत्वही प्रवाहाला वळवीत होते. पण विजेचा वाहक जो इलेक्ट्रॉन, तोच मुळी १८९७ साली सापडला. मग ह्या कोड्याची उकल व्हायला विसावे शतक अर्धे सरावे लागले, ह्यात नवल ते काय!

आता दुसरा धागा घेऊ. आपल्याकडे उजव्या शंखाचे कोण कौतुक! डावा आणि उजवा शंख एकमेकांच्या आरशातल्या प्रतिबिंबासारखे; कितीही फिरवा, एक दुसऱ्यावर तंतोतंत बसत नाही. काही स्फटिकांतील अणूंची रचनाही अशीच डावी-उजवी असते. मँगनीज सिलिसाइड हा त्यांपैकी एक. साध्या चुंबकात अणूंच्या चुंबकसुया एका दिशेला तोंड करून उभ्या राहतात. डाव्या-उजव्या स्फटिकात त्या प्रत्येक पावलाला किंचित वळत जातात आणि मळसूत्र तयार होते. ही वळण्याची ओढ रशियाच्या झ्यालोशिन्स्की ह्यांनी १९५८ साली मांडली आणि जपानच्या मोरिया ह्यांनी १९६० मध्ये तिचे मूळ उलगडून दाखवले. अशा पदार्थांत चुंबकी भोवरेही टिकतील, असे भाकीत १९८९ साली बोग्दानोव्ह आणि याब्लोन्स्की ह्यांनी केले. ब्रिटिश शास्त्रज्ञ टोनी स्कर्म ह्यांनी अणुगर्भातील कणांसाठी कल्पिलेल्या गाठीशी त्यांचे गणिती नाते असल्यामुळे ह्या भोवऱ्यांना स्कर्मिऑन हे नाव पडले.

भाकीत खरे ठरायला वीस वर्षे लागली. २००९ साली म्युनिकच्या संशोधकांनी उणे २४४ अंश सेल्सिअसच्या आसपास मँगनीज सिलिसाइडवर न्यूट्रॉनांचा मारा केला आणि ठिपक्यांच्या रांगोळीसारखी भोवऱ्यांची षट्कोनी मांडणी त्यांना आढळली. त्याच वर्षी हॉलचा जुना प्रयोगही नव्याने बोलू लागला. भोवऱ्यातून जाणारा इलेक्ट्रॉन सुयांच्या वळणाबरोबर स्वतःही वळतो. जणू आणखी एक चुंबक त्याला बाजूला ढकलीत असावा. त्यामुळे आडव्या दाबात एक वेगळी भर पडते. पुढल्याच वर्षी जपानमध्ये लोह, कोबाल्ट आणि सिलिकॉन ह्यांच्या पातळ चकतीतील भोवरे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने प्रत्यक्ष पाहिले गेले. जाड स्फटिकात तापमानाच्या चिंचोळ्या पट्ट्यातच तग धरणारे भोवरे पातळ चकतीत कितीतरी विस्तृत पट्ट्यात टिकतात, हेही कळले.

अल्पशा प्रवाहानेही हे भोवरे सरकतात. तेव्हा माहिती साठविण्यासाठी त्यांचा उपयोग होईल, ह्या आशेने प्रयोगशाळांतून सिलिकॉनच्या तबकडीवर असे पापुद्रे वाढवले जाऊ लागले. तेथेच वाद उभा राहिला. २०१३ साली जपानी संशोधकांनी मँगनीज सिलिसाइडच्या पापुद्र्यात ती वेगळी भर मोजली आणि भोवरे असल्याचे सांगितले. २०१४ साली कॅनडातील गटाने तशाच पापुद्र्यांचा अभ्यास करून उलट निष्कर्ष काढला. तबकडीच्या ताणामुळे पापुद्र्याचा स्वभाव बदलतो. लंब क्षेत्रात सुया शंकूच्या आकारात राहतात आणि आडव्या दाबाचा तो चढउतार भोवऱ्यांवाचूनही होऊ शकतो, असे त्यांचे म्हणणे. इतर पदार्थांच्या पापुद्र्यांतही असा फसवा उंचवटा दिसू शकतो, हे पुढे ध्यानात आले. एकाच पापुद्र्याचे दोन भाग परस्परविरुद्ध दिशांचे दाब निर्माण करीत असले, तर त्यांच्या बेरजेतही तसाच उंचवटा उमटतो.

काटा हलला, एवढ्याने कारण सिद्ध होत नाही. ते वेगवेगळ्या वाटांनी पडताळावे लागते. म्हणून आज दाब मोजणारा संशोधक त्याच पापुद्र्याचे चुंबकत्व मोजतो, न्यूट्रॉनांची साक्ष काढतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली भोवरा डोळ्यांनी पाहू मागतो. मॅक्सवेलसारख्याचे वचनही तपासून घ्यावे, हे हॉलने सोन्याच्या वर्खावर दाखवून दिले. आपल्याच काट्याचे वचनही तसेच तपासावे, हे आजचे पापुद्रे शिकवीत आहेत.