मेजर गिल आणि वऱ्हाडचीं छायाचित्रें

पावसाळा सरला, दसरा उलटला आणि आकाश निवळलें, कीं नागपूरकर मंडळी रामटेक, पेंच, मेळघाट अशा स्थळांकडे वळतात. रानांत गवत अजून उंच असतें, ओढ्यांना पाणी असतें आणि उन्हाचा ताप उतरलेला असतो. अशा सहलींत छायाचित्रें घेणें हा आतां नित्याचा परिपाठ झाला आहे. पूर्वी त्यासाठीं निराळा कॅमेरा लागे. आतां तो खिशांतल्या मोबाईलमध्येंच येऊन बसला आहे. गांधीबागेच्या कापडबाजारांतून चालतां चालतां एखादा गृहस्थ दहा चित्रें टिपतो आणि घरीं पोंचेपर्यंत तीं विसरूनही जातो. परंतु एक काळ असा होता, कीं शेजारच्या वऱ्हाडांतील एका देवळाचें एक चित्र मिळविण्यासाठीं काचा, औषधें, तंबू आणि माणसें असा लहानसा तांडाच बरोबर घ्यावा लागे. त्या काळीं साठीच्या घरांत पोंचलेला एक सैनिक या प्रदेशांत कॅमेरा घेऊन हिंडला. त्याचें नांव मेजर रॉबर्ट गिल. अजिंठ्याच्या इतिहासांत हें नांव येतें तें चित्रकार म्हणून. पण त्यानें रंगांत केलेलें काम बहुतेक नष्ट झालें, आणि कॅमेऱ्यानें केलेलें काम टिकलें. असें कां झालें, हें समजून घेण्याजोगें आहे.

गिलचा जन्म १८०४ चा. तो मद्रासच्या फौजेंत अधिकारी होता. अजिंठ्याचीं लेणीं १८१९ सालीं इंग्रजांच्या दृष्टीस पडलीं आणि त्यांचा बोलबाला हळूहळू युरोपांत पोंचला. बंगालमध्यें निळीचा व्यापार करून पुढें शिल्पशास्त्राचा इतिहासकार झालेला जेम्स फर्ग्युसन यानें १८४३ सालीं लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीपुढें या लेण्यांविषयीं निबंध वाचला. भिंतींवरील चित्रें झपाट्यानें नष्ट होत आहेत, तेव्हां त्यांच्या नकला तरी करून ठेवाव्या, अशी निकड त्यानंतर कंपनी सरकारपुढें मांडण्यांत आली. त्याप्रमाणें १८४४ सालीं गिलची या कामावर नेमणूक झाली. तो अजिंठा गांवांत राहूं लागला आणि तेथलाच झाला. त्या गांवांत पारो नांवाच्या स्त्रीची समाधि आहे. ती गिलनें उभारलेली असून तीवर मृत्यूचें साल १८५६ कोरलेलें आहे. पुढें ना. धों. महानोर यांनीं याच कथेवर ‘अजिंठा’ हें काव्य रचिलें.

गिलचें मुख्य काम मोठें कष्टाचें होतें. लेण्यांत उजेड कमी, भिंती ओलसर, चित्रांवर धुराची व कोळ्याच्या जाळ्यांची पुटें. अशा स्थितींत त्यानें मूळ चित्रांच्या मोठमोठ्या तैलरंगी नकला केल्या आणि त्या लंडनला पाठविल्या. तेथें सिडनहॅम येथील स्फटिकगृहांत, म्हणजे काचेच्या त्या प्रख्यात प्रदर्शनगृहांत, त्या मांडण्यांत आल्या. हें सारें ठीक चाललें असतें तर गिलचें नांव केवळ एक नकलकार म्हणून राहिलें असतें.

परंतु दरम्यान त्याच्या हातीं कॅमेरा आला. मुंबईंत १८५४ सालीं फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली होती, डॉ. भाऊ दाजी लाड व त्यांचे बंधु डॉ. नारायण दाजी यांच्यासारखे एतद्देशीय विद्वानही तींत रस घेत होते. ही विद्या त्या वेळीं किती अवघड होती याची आज कल्पना येणें कठीण. फ्रेडरिक आर्चर या इंग्रजानें १८५१ सालीं प्रसिद्ध केलेली ओल्या काचेची रीत तेव्हां रूढ झाली होती. स्वच्छ काचेवर कलोडियन नांवाचा चिकट द्रव ओतून त्याचा सारखा थर पसरावयाचा. मग ती काच अंधारांत चांदीच्या क्षाराच्या पाण्यांत बुडवावयाची. ओली असतांनाच कॅमेऱ्यांत घालून चित्र घ्यावयाचें. आणि थर वाळण्यापूर्वी, म्हणजे दहा-पंधरा मिनिटांच्या आंत, पुन्हां अंधारांत नेऊन औषधानें चित्र उमटवावयाचें. म्हणजे जेथें कॅमेरा तेथेंच काळा तंबू हवा आणि जवळच स्वच्छ पाणी हवें. हिंदुस्थानच्या उन्हाळ्यांत कलोडियनमधील ईथर पाहतां पाहतां उडून जाई, थर वेळेपूर्वींच सुके आणि तंबूच्या आंतील मनुष्य घामानें व वाफांनीं बेजार होई. पावसाळ्यांत गाडीवाटा चिखलानें बंद होत. म्हणून पाऊस संपल्यापासून थंडी सरेपर्यंतचा काळ हाच या कामाचा खरा हंगाम. हवा धुतल्यासारखी निर्मळ, ओढ्याला पाणी, आणि गाडीला वाट, हीं तिन्ही एकदम त्याच दिवसांत मिळत.

या रीतीचा आणखी एक मोठा दोष होता. त्या काचेला सर्व रंग सारखे दिसत नसत. निळा रंग तिला चटकन दिसे. तांबडा, पिवळा व हिरवा जवळजवळ दिसतच नसे. त्यामुळें त्या काळच्या छायाचित्रांत आकाश पांढरेंफटक येतें आणि शरदांतील हिरवें-पिवळें रान काळवंडून जातें. अजिंठ्याच्या भिंतींवर तर गेरू व पिवळी माती यांचेंच राज्य. ज्या कामासाठीं गिलला पगार मिळत होता, नेमकें तेंच काम कॅमेऱ्याच्या आवांक्याबाहेरचें होतें. म्हणून चित्रांसाठीं कुंचला राहिला, आणि कॅमेरा वळला तो दगडाकडे: लेण्यांचे खांब, चैत्यांचीं तोंडें, देवळांचे मंडप. कातळाला नक्षी असते, सावली असते, आणि तो हालत नाहीं. त्या काचेला हवें होतें तें एवढेंच.

गिल अजिंठ्यापुरता थांबला नाहीं. लेण्यांपासून फार दूर नसलेल्या अनवें गांवीं, हल्लींच्या जालना जिल्ह्यांत, एक जुनें कोरीव देऊळ आहे. त्याचीं चित्रें त्यानें घेतलीं. पुढें पूर्वेस तो लोणारला पोंचला. वऱ्हाड प्रांत १८५३ च्या तहानें निजामाकडून कंपनीच्या कारभारांत आला होता, अजिंठा मात्र निजामाकडेच होता. म्हणजे या फिरतींत राज्याची हद्दही ओलांडावी लागे. लोणारचें सरोवर व त्याच्या परिसरांतील देवळें त्याच्या काचांवर उमटलीं. गिल नामांकित शिकारी होता, त्यामुळें रानांतील मारलेल्या जनावरांचीं चित्रेंही त्याच्या संग्रहांत आहेत. जिवंत जनावर त्या मंद काचेपुढें क्षणभरही स्थिर राहिलें नसतें. मेलेलें तेवढें स्थिर राहिलें. त्या काळच्या रानाच्या चित्रांत जीव कमी व शिकार जास्त कां दिसते, याचें एक कारण हें आहे.

या श्रमांतून १८६४ सालीं लंडनमध्यें दोन पुस्तकें निघालीं. एकांत लेण्यांचीं ७४ छायाचित्रें होतीं. दुसऱ्यांत पश्चिम हिंदुस्थानांतील वास्तु व वन्य सृष्टि यांचीं १०० जोडचित्रें होतीं. दोन्हींचें विवेचन फर्ग्युसननेंच लिहिलें. जोडचित्र म्हणजे दोन डोळ्यांइतक्या अंतरावरून घेतलेलीं एकाच दृश्याचीं दोन चित्रें. दुर्बिणीसारख्या उपकरणांतून तीं पाहिलीं कीं दोहोंचें एक होऊन खांब पुढें येतो, गाभारा मागें जातो, आणि पाहणारा लंडनच्या दिवाणखान्यांत बसून लोणारच्या मंडपांत उभा राहतो. त्या काळीं घरोघर हें एक मोठें करमणुकीचें साधन होतें.

पुस्तकें निघाल्यास तीन वर्षेंही झालीं नव्हतीं, तोंच १८६६ च्या डिसेंबरांत स्फटिकगृहास आग लागली आणि गिलच्या नकला तींत जळून खाक झाल्या. जीं थोडीं चित्रें त्या वेळीं तेथें नव्हतीं, तेवढींच वांचलीं. सुमारें वीस वर्षांची मेहनत एका रात्रींत गेली. दैव येवढ्यावर थांबलें नाहीं. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनीं १८७२ पासून आपल्या एतद्देशीय विद्यार्थ्यांसह पुन्हां नकला करविल्या. त्यांपैकींही पुष्कळशा १८८५ सालीं लंडनच्या साउथ केन्सिंग्टन येथील आगींत नष्ट झाल्या. रंगीत नक्कल प्रत्येक वेळीं एकच असे, मौल्यवान म्हणून ती एकाच जागीं ठेवली जाई, आणि ती जागा जळाली कीं सर्वच जळे. उलट काचेवरील एका चित्रापासून कागदावर पाहिजे तितक्या प्रती निघत. गिलचीं छायाचित्रें पुस्तकांतून अनेक ठिकाणीं पसरलेलीं होतीं. एखादी प्रत गेली तरी दुसरी कोठें तरी राहिलीच. त्यांतील कित्येक आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररींत आहेत. वस्तु टिकते ती मोलवान असल्यामुळें नव्हे, तर वांटलेली असल्यामुळें, हाच या दोन आगींचा धडा होय.

पुढें रंगांना ओळखणाऱ्या काचा निघाल्या, तेव्हां कॅमेऱ्यानें कुंचल्याचें उरलेलें कामही उचललें. हैदराबाद संस्थानच्या पुराणवस्तु खात्याचे गुलाम याझदानी यांच्या अजिंठ्यावरील ग्रंथाचा पहिला भाग १९३० सालीं निघाला. त्यांतील रंगीत चित्रें छायाचित्रांच्याच आधारें तयार झालेलीं होतीं.

गिलच्या काळीं अशी भ्रमंती जगांत इतरत्रही चालू होती. जॉन थॉमसन हा स्कॉटिश छायाचित्रकार १८६८ पासून चीनमध्यें राहिला. त्यानेंही हीच ओली काच, हाच काळा तंबू घेऊन नदीकांठचीं खेडीं, डोंगर व देवळें पालथीं घातलीं, आणि १८७३-७४ मध्यें चीन व तेथील लोक यांवर चार भागांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. दोघांत फरक एवढाच, कीं थॉमसनचें लक्ष माणसांकडेही पुष्कळ होतें: नावाडी, भिक्षु, फेरीवाले, घरंदाज स्त्रिया. गिलच्या चित्रांत मनुष्य येतो तो बहुधा खांबाची उंची कळावी म्हणून. खांबाचें माप त्यामुळें कळतें. मनुष्याचें नांव मात्र कळत नाहीं. काचेच्या पेट्या वाहणारे, पाणी आणणारे, तंबू ठोकणारे, रानवाटा दाखविणारे, यांच्यावांचून त्या काळीं एकही काच उमटली नसती. ते कोण होते, कोणत्या गांवचे होते, हें त्या सुबक पुस्तकांच्या एकाही पानावरून उमगत नाहीं.

असें असलें तरी या चित्रांचा उपयोग दिवसेंदिवस वाढतच आहे. लोणारचें विवर ज्वालामुखीनें झालें असावें अशी गिलच्या काळची समजूत. तें उल्केच्या आघातानें झालें, हें विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत शास्त्रज्ञांनीं निश्चित केलें. या सरोवरास २०२० सालीं आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादींत स्थान मिळालें. आज पाण्याची पातळी कोठवर होती, कांठचें कोणतें देऊळ किती ढासळलें, कोणता खांब तेव्हां उभा होता, असा प्रश्न येतो तेव्हां दीडशें वर्षांपूर्वींचें छायाचित्र हाच निःपक्षपाती साक्षीदार ठरतो. गिलला यांतलें कांहींच अभिप्रेत नव्हतें. त्याच्या कॅमेऱ्यानें जें पुढें आलें तें जसेंच्या तसें टिपलें, आणि त्याचा अर्थ पुढच्यांनीं लावला.

गिल १८७९ च्या एप्रिलमध्यें वारला. भुसावळच्या युरोपियन दफनभूमींत त्याची कबर आहे. नागपूरहून मुंबईस जाणाऱ्या गाड्या भुसावळास थांबतात, आणि उतारूंना तेथें चहा घेण्यापुरता वेळ मिळतो.

या इतिहासांतून नागरिकांच्या घरांनीं घ्यावयाचें तें साधेंच आहे. प्रत्येक जुन्या घरांत एखादी पेटी असते आणि तींत आजोबा-पणजोबांच्या काळचीं छायाचित्रें असतात. मागच्या पिढींतील वडील माणसें हयात आहेत तोंवर त्या प्रत्येक चित्राच्या पाठीवर पेन्सिलीनें नांव, गांव व साल लिहून ठेवावें. मालकासमवेत उभ्या असलेल्या गड्याचें व मोलकरणीचें नांवही लिहावें. मग त्याच्या प्रती काढून दोन-तीन नातलगांकडे द्याव्या. खिशांतील मोबाईलमधल्या हजारों चित्रांनाही हाच नियम लागू आहे. तेथें पाठ नसली तरी नांव लिहिण्याची सोय असतेच. दिवाळीच्या सुटींत सर्व कुटुंब एकत्र जमतें. या कामास त्यांतील एक दुपार पुरे होते.