मेट्रोपार्कहून १८९३ला

आयसेलिनच्या मेट्रोपार्क स्टेशनात तुम्ही न्यूयॉर्कच्या गाडीची वाट बघत उभे आहात. डोक्यावर १२,००० व्होल्टच्या तारा. बघता बघता त्या दिसेनाशा होतात, १९७१ साली सुरू झालेलं स्टेशनही विरून जातं. रूळ मात्र तसेच आहेत.

आज ३१ डिसेंबर १८७९. एडिसनचे दिवे बघायला लोक गाड्या भरभरून शेजारच्या मेन्लो पार्कला उतरतायत. वीज डीसी आहे आणि तिचं गणित सरळ: व्होल्टेजला रोधानं भागलं की करंट मिळतो.

आता १८ एप्रिल १८९३, न्यूयॉर्क. विद्युत अभियंत्यांच्या सभेत तुम्ही मागच्या रांगेत बसलाय. बोलायला उभे आहेत आर्थर केनेली, वय ३१, एडिसनच्याच वेस्ट ऑरेंज प्रयोगशाळेतले सहायक. जन्म आपल्या मुंबईतला, कुलाब्याचा. निबंधाचा विषय इम्पीडन्स. हा शब्द विद्युतशास्त्रज्ञ हेविसाइड यांनी १८८६ सालीच दिलाय. प्रश्न आहे तो एसीच्या, म्हणजे सतत दिशा बदलणाऱ्या विजेच्या, हिशेबाचा.

तारेचं वेटोळं करंटमधल्या प्रत्येक बदलाला विरोध करतं. त्यामुळे व्होल्टेज शिखरावर पोचतं तेव्हा करंट अजून चढतच असतो. नुसत्या रोधात असं मागे पडणं नसतं. म्हणून रोध ३ ओहम आणि वेटोळ्याचा विरोध ४ ओहम असला, तरी दोन्ही मिळून ७ होत नाहीत.

कागद घ्या. आडवी रेघ ३ची, तिच्या टोकावरून वर उभी रेघ ४ची. तिरकी बाजू मोजा: ५. हा इम्पीडन्स. १२० व्होल्टला २४ अँपिअर करंट जाईल. सरळ बेरीज केली असती तर जेमतेम १७ धरले असते. आडव्या आणि तिरक्या रेघेतला कोन सुमारे ५३ अंशांचा, करंट नेमका तेवढाच मागे. कपॅसिटर असेल तर त्याची रेघ खाली काढायची. गणितात ही उभी रेघ उणे एकाच्या वर्गमुळानं लिहितात. त्याला शाळेत काल्पनिक म्हणतात, पण इथे त्याचं काम अगदी खरं आहे: रेघ काटकोनात वळवणं. मला या विषयातलं हेच सगळ्यात सुंदर वाटतं. वेळेतला फरक कागदावर कोन होऊन दिसतो आणि डीसीचा तोच जुना भागाकार एसीलाही चालतो.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये शिकागोला विद्युत अभियंते स्टाइनमेट्झ ही रीत व्होल्टेज आणि करंटलाही सविस्तर लावून दाखवतात. प्रत्येकाचा एक फिरता बाण, म्हणजे आज आपण ज्याला फेझर म्हणतो तो. सगळे एकाच वेगानं फिरतात, म्हणून त्यांना थांबवून फक्त आपसातले कोन मोजले तरी पुरतं.

परत मेट्रोपार्कला या. आयसेलिनच्या घरांत वीज ६० हर्ट्झची, या तारांत मात्र आजही २५ची. पेनसिल्व्हेनिया रेलरोडनं १९३०च्या दशकात या मार्गावर कमी फ्रीक्वेन्सी ठेवली, कारण त्या काळच्या एसी मोटरींना ती मानवायची. वेटोळ्याचा विरोधही फ्रीक्वेन्सीच्या प्रमाणात घटतो: तुमच्या कागदावरचे ४ ओहम ६० हर्ट्झचे धरले, तर इथे १.६७ होतील आणि तिरकी बाजू जेमतेम ३.४.

घरी कुणी एसी शिकत असेल, तर सूत्र पाठ करून घेण्याआधी हा त्रिकोण त्याच्या हातून काढून घ्या. आणि केनेली कुलाब्याचे होते, हेही सांगा.