मजूरमंत्री बाबासाहेब आणि गोंदियाची बिडी : मंत्र्याचे उत्तर कशाने मोजायचे?

मंत्री जिल्ह्यात येतो तेव्हा त्याला तीनच प्रश्न विचारले जातात. पोरांना नोकऱ्या कधी मिळणार? कारखाना कधी येणार? आमच्या धानाला, तांदळाला बाहेरचा बाजार कधी मोकळा होणार? उत्तरेही ठरलेली असतात. नोकरीला आकडा, कारखान्याला भूमिपूजन आणि बाजाराला 'वर बोलतो'. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो आणि प्रश्न तिथेच मिटतो.

आमचे म्हणणे असे की मंत्र्याचे उत्तर भाषणाच्या लांबीवर मोजू नये. मंत्री खुर्चीवरून उठून गेल्यावर मागे काय उरले त्यावर मोजावे. कायदा उरला का? निधी उरला का? दार ठोठावता येईल असे एखादे कार्यालय उरले का? ही मोजपट्टी आम्ही हवेतून आणलेली नाही. याच देशात एक मजूरमंत्री होऊन गेला, ज्याच्या उत्तरांवर ती लावून पाहता येते. त्याचे नाव डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

विचारणारा आणि उत्तर देणारा

आपल्या लोकांना बाबासाहेब घटनाकार म्हणून माहीत आहेत. मजूरमंत्री म्हणून फार थोड्यांना. जुलै १९४२ ते १९४६ अशी चार वर्षे ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते. त्याआधी ते बाकाच्या दुसऱ्या बाजूला होते. १९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला, मुंबईच्या विधिमंडळात सरकारला धारेवर धरले आणि ७ नोव्हेंबर १९३८ ला औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध मुंबईत मोठा संप उभा केला. म्हणजे दिल्लीच्या मध्यवर्ती विधिमंडळात ते उत्तर द्यायला उभे राहिले तेव्हा प्रश्न विचारणाऱ्याची तळमळ काय असते, हे त्यांना ठाऊक होते. महाराष्ट्र शासनाने काढलेल्या त्यांच्या लेखन-भाषणांच्या दहाव्या खंडात ही सारी कारकीर्द छापलेली आहे. ज्यांच्या घरी तो खंड पूजेच्या फोटोखाली ठेवला आहे, त्यांनी तो एकदा उघडावा.

नोकरीचाच प्रश्न घ्या. दुसरे महायुद्ध संपत आले होते. लाखो सैनिक आणि युद्धकारखान्यांतले कामगार बेकार होणार हे उघड होते. त्यावर मजूर खात्याचे उत्तर होते जुलै १९४५ मध्ये उभे राहिलेले पुनर्वसन व रोजगार महासंचालनालय. त्याच्या हाताखाली गावोगावच्या रोजगार विनिमय कचेऱ्या आल्या. आपल्या आजोबांनी, वडिलांनी ज्या 'एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज'मध्ये नाव नोंदवले, कार्ड जपून ठेवले, कॉलची वाट पाहिली, त्याचे मूळ इथे आहे. कॉल सगळ्यांना आला नाही हे खरे. पण ओळखपाळख नसलेल्या माणसाचे नाव सरकारच्या रजिस्टरात चढले. दलाल आणि वशिला यांच्या बाहेर नोकरीकडे जाणारा एक रस्ता निघाला.

कोळसा खाणीतल्या मजुरांच्या हालअपेष्टांवर उत्तर म्हणून जानेवारी १९४४ मध्ये कल्याण निधीचा वटहुकूम आला. खाणीतून निघणाऱ्या कोळशावर उपकर बसवायचा आणि त्या पैशातून मजुरांसाठी दवाखाना, घर, पाणी करायचे. यातली गोम समजून घ्या. मजुराचे कल्याण मालकाच्या दयेवर किंवा दरवर्षीच्या सरकारी तरतुदीवर सोडलेले नव्हते. ज्या मालावर नफा होतो त्या मालालाच कल्याण बांधून टाकले होते. माल निघाला की पैसा निघालाच. हा निधी पुढे थेट गोंदियाच्या बिडीपर्यंत पोचतो, म्हणून तो लक्षात ठेवा.

सगळी उत्तरे टाळ्या घेणारी नव्हती. युद्धात कोळसा कमी पडू लागला म्हणून १९४३ मध्ये मध्य प्रांतासह काही भागांत स्त्रियांना खाणीत जमिनीखाली कामाला लावण्यावरची बंदी उठवली गेली. ८ फेब्रुवारी १९४४ ला त्यावर सभागृहात जोरदार हल्ला झाला. रेणुका राय यांच्यासारख्या सदस्या विरोधात होत्या. बाबासाहेबांनी निर्णयाची जबाबदारी झटकली नाही. हा युद्धकाळापुरता उपाय आहे आणि स्त्रीला पुरुषाइतकीच मजुरी मिळाली पाहिजे, ही बाजू त्यांनी मांडली. फेब्रुवारी १९४६ पासून बंदी पुन्हा लागू झाली. त्या निर्णयावर आजही टीका करता येते, करावीही. पण कडू प्रश्नाला समोरासमोर उत्तर कसे द्यायचे आणि दिलेली मुदत कशी पाळायची, हे त्यातून दिसते.

कामाच्या तासांबद्दल एक गोष्ट स्पष्ट करू. दर एक मेला आपल्या व्हॉट्सअॅपवर 'आठ तास बाबासाहेबांनी दिले' असा संदेश फिरतो आणि त्याखाली १९४२ ची एक तारीख असते. कायद्याची वाट बघायची तर १९४६ कडे जावे लागते. त्या वर्षी कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली आणि बारमाही कारखान्यांतले आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आले. विधेयक बाबासाहेबांनी मांडले होते. तारीख चुकीची सांगितली की विरोधकाला आयते कोलीत मिळते. खरी तारीख पुरेशी भक्कम आहे.

उंबरठ्याच्या आतली मजूर

आता गोंदियाकडे येऊ. १ मे १९९९ पर्यंत गोंदिया भंडारा जिल्ह्यातच होते. जंगलात तेंदूपत्ता, हाताशी रेल्वे आणि गावात भूमिहीन माणसे, या तीन गोष्टींवर इथला बिडीधंदा वाढला. कारखानदार तंबाखू आणि पत्ता देणार, सट्टेदार तो घरोघर वाटणार, बाई दिवसभर सूप मांडीवर घेऊन बिड्या बांधणार आणि संध्याकाळी सट्टेदार मोजून घेणार. मोजताना खराब म्हणून काही बिड्या बाजूला काढणार. ती 'छाट'. छाटची मजुरी नाही, पण ती बिडी बाईला परत मिळेलच असेही नाही.

या मजुरांना संघटित करण्याचे काम विदर्भात आंबेडकरी माणसाने केले हे विसरू नये. ज्यांनी आपल्याला 'जयभीम' हा अभिवादनाचा शब्द दिला ते कामठीचे बाबू हरदास बिडी कामगारांचे पुढारी होते. ठेकेदाराला बाजूला सारून सहकारी तत्त्वावर बिडीचे काम चालवायचा प्रयत्न त्यांनी केला. १९३७ मध्ये ते मध्य प्रांताच्या विधिमंडळात निवडून गेले आणि जानेवारी १९३९ मध्ये, अवघ्या पस्तिशीत गेले. 'जयभीम' हा शब्द बिडीच्या तंबाखूचा वास घेऊन आलेला आहे.

१९३७ मध्येच मध्य प्रांतात अनियंत्रित कारखान्यांसाठी कायदा झाला होता आणि बिडी त्यात होती. पण कायदा कारखान्यापुरता होता. कायदा कारखान्याच्या दारात आला की काम मागच्या दाराने घरात जाते, हा या धंद्याचा जुना डाव आहे. ४८ तासांचा कायदा झाला तरी घरात बसलेल्या बाईला तास कोण लावणार? तिचा कारखाना म्हणजे तिची ओसरी आणि कामाचा तास म्हणजे चूल विझल्यापासून डोळा लागेपर्यंत.

बाबासाहेबांच्या खात्याने १९४४ मध्ये द. वि. रेगे यांच्या अध्यक्षतेखाली मजूर चौकशी समिती नेमली होती. तिने बिडी, सिगार आणि सिगारेट धंद्यातल्या कामगारांची स्वतंत्र चौकशी करून अहवाल दिला. एप्रिल १९४६ मध्ये बाबासाहेबांनी किमान वेतनाचे विधेयक मांडले. ते मंजूर झाले १९४८ मध्ये, जगजीवनराम मजूरमंत्री असताना, आणि त्या कायद्याच्या परिशिष्टात बिडीचे नाव आले. दिल्लीतल्या टेबलापासून गोंदियाच्या ओसरीपर्यंतचा हा धागा आहे.

पण ओसरी ओलांडायला आणखी वर्षे गेली. घरी बसून बिडी बांधणारी बाईसुद्धा कामगारच, हे सांगणारा बिडी व सिगार कामगार कायदा १९६६ मध्ये आला. मालाची वाटणी आणि छाट यांवरच्या भांडणाचा निवाडा मागायचा हक्क त्यात होता. कारखानदार कोर्टात गेले, पण १९७४ मध्ये सुप्रीम कोर्टाने कायदा उचलून धरला. १९७६ मध्ये बिडीवर उपकर बसवून बिडी कामगार कल्याण निधी झाला. साचा तोच, १९४४ च्या कोळशाचा. दवाखाने, मुलांच्या शिष्यवृत्त्या, घरकुल, सारे त्यातून. १९८५ मध्ये घरखेपी कामगारांनाही भविष्य निर्वाह निधी लागू आहे असा निकाल सुप्रीम कोर्टाने दिला. शिष्यवृत्तीच्या त्या पैशावर शिकलेली, आईच्या बिडीतून वर आलेली पिढी आज आमच्या वस्त्यांत शिक्षक, नर्स, कारकून म्हणून दिसते.

उत्तर मोडण्याची रीत

हे सारे एका दिवसात मोडत नाही. हळूच मोडते. २०१७ मध्ये जीएसटी आला. बिडीवर २८ टक्के, तेंदूपत्त्यावर १८ टक्के कर बसला आणि त्याच वेळी बिडी कामगारांच्या कल्याणाचा उपकर रद्द झाला. म्हणजे बिडीवरचा कर राहिला, पण त्यातला मजुराच्या नावाचा हिस्सा पुसला गेला. कल्याण आता सरकारी अंदाजपत्रकात मागायचे. कारखानदार कराच्या दरासाठी दिल्लीत जाऊन बसला. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी परिषदेने दोन्ही दर उतरवायचे ठरवले. उपकराबद्दल कोणी तोंड उघडले नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये चार श्रमसंहिता लागू झाल्या. १९६६ चा बिडी कायदा आणि १९५९ चा रोजगार कार्यालयांचा कायदा त्यांत विरघळले. छाटचे भांडण घेऊन बाईने आता कोणाकडे जायचे, हे वस्तीत कोणी सांगायला आलेले नाही.

काही जण म्हणतात, बिडी आरोग्याला वाईट, धंदा मरू द्या. आम्ही बिडीचे भक्त नाही. तंबाखूची धूळ छातीत घेऊन जगणाऱ्या बाया आम्ही रोज पाहतो. पण धंदा मरताना मालक दुसऱ्या धंद्यात जातो. मजूर कुठे जाते? पर्यायी कामाची जबाबदारी घेतल्याशिवाय धंदा मरू द्या म्हणणे ही क्रूरता आहे.

पर्याय म्हणून कारखान्याचे नाव घेतले जाते. जुन्या भंडारा जिल्ह्याने तेही पाहिले. २०१३ च्या मे महिन्यात, गोंदियाचेच प्रफुल्ल पटेल केंद्रात अवजड उद्योगमंत्री असताना, मुंडीपारला भेलच्या प्रकल्पाचे भूमिपूजन झाले. सरकारे बदलली, पक्ष बदलले, दहा वर्षे उलटली तरी कारखाना चालू झाला नाही. दोष एका माणसावर टाकून आम्हाला मोकळे व्हायचे नाही. भूमिपूजन हे उत्तर नव्हे, एवढेच सांगायचे आहे.

व्यापाराचेही तसेच. गोंदिया तांदळाचे गाव. जुलै २०२३ मध्ये केंद्राने बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली, ऑगस्टमध्ये उकड्या तांदळावर २० टक्के शुल्क लावले आणि २०२४ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दोन्ही बंधने उठवली. या काळात गिरणीमालकाचे, निर्यातदाराचे म्हणणे ऐकू आले. गिरणीतल्या हमालाचे आणि रोवणीला जाणाऱ्या बाईचे कोणी विचारले? १९२३ च्या रुपयावरील ग्रंथात बाबासाहेबांनी हाच मुद्दा धरला होता. रुपया स्वस्त झाला की निर्यातदाराला जो फायदा दिसतो, तो बऱ्याच अंशी मजुराच्या ताटातून येतो, कारण किमती आधी चढतात आणि मजुरी मागून रांगते. बाजार उघडो की बंद होवो, पहिला प्रश्न 'मजुरीचे काय' हा असला पाहिजे.

उत्तर खालून बांधता येते याचाही दाखला याच भागात आहे. वनहक्क कायद्याच्या आधारे २०१३ पासून गोंदिया-गडचिरोलीतल्या काही ग्रामसभा तेंदूपत्त्याचा लिलाव स्वतः करू लागल्या. आदिवासी बांधवांनी फडावरचा हिशेब आपल्या हातात घेतला. बाबू हरदासांच्या सहकाराची ही पुढची पायरी आम्ही मानतो.

आता आपण काय विचारायचे

१९५४ मध्ये बाबासाहेब भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत उभे राहिले. ज्या मजुरांसाठी खाते चालवले त्यांच्याच दारात मत मागायला आले आणि सुमारे आठ हजार मतांनी हरले. त्या हरण्याची सल आपण दर जयंतीला सांगतो. सल सांगून भागत नाही. त्यांची उत्तरे राखणे आपल्या हातात होते आणि आहे.

म्हणून पुढचा मंत्री गोंदियात येईल तेव्हा हार घेऊन जाणाऱ्यांनी चार प्रश्नही घेऊन जावे. बिडी कामगारांचा कल्याण निधी पुन्हा मालाशी कधी बांधणार? छाटचा निवाडा करणारा अधिकारी कोण आणि तो कोणत्या वारी कुठे बसतो? ओसरीवरच्या बाईचे नाव तिच्या स्वतःच्या कार्डावर, तिच्या स्वतःच्या भविष्य निधी खात्यावर कधी चढणार? निर्यातीचा निर्णय घेताना हमालाच्या मजुरीचा हिशेब कोण मांडणार?

उत्तर लेखी मागा, तारीख घालून मागा. आकडा सांगितला तर विचारा, साहेब, तुम्ही गेल्यावर मागे काय उरेल?

जयभीम.