‘डांबर गाळणारे ऱ्होडियम’
* मूळ मजकुरात ‘गाळणारे’ असे आहे. खरे तर ऱ्होडियम डांबर गाळत नाही, फोडते. लाकूडफाटा किंवा भुसा अपुऱ्या हवेत तापवला की कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन असलेला जळाऊ वायू मिळतो, पण सोबत डांबराची वाफही येते. वायू निवला की ती नळ्यांत, झडपांत काळी-चिकट होऊन बसते. डोलोमाइट हा स्वस्त दगड तिला फोडतो, मात्र ८०० ते ९०० अंश सेल्सिअसच्या आसपास. निकेल अधिक तेज. पण त्यावर काजळी साचते आणि गंधक त्याला निकामी करते. लेखकाचा रोख जपानमधील त्सुकुबा विद्यापीठातल्या प्रयोगांकडे दिसतो. तेथे सिलिकावर सिरियम ऑक्साइड व त्यावर ऱ्होडियम बसवून सीडरच्या लाकडाचा भुसा ५५० ते ७०० अंशांतच वायुरूप करण्यात आला. ऱ्होडियम डांबराचे रेणू तोडते; सिरियम ऑक्साइड स्वतःजवळचा ऑक्सिजन देऊन काजळी जाळते आणि हवेतून तो पुन्हा भरून घेते. अडचण किमतीची: ऱ्होडियम मुख्यतः प्लॅटिनमच्या खाणींतून, जोडउत्पादन म्हणूनच, निघते. — संपा.