कॅप्चा आणि दिव्यांग

संकेतस्थळावर वेडीवाकडी अक्षरे ओळखून लिहायला लावणारी कॅप्चा ही चाचणी १९९७ च्या सुमारास अमेरिकेत जन्माला आली. अल्टाव्हिस्टा या शोधयंत्राकडे स्वयंचलित प्रोग्राम संकेतस्थळांचे पत्ते सतत पाठवून निकालांचा क्रम बिघडवत होते. ते रोखण्यासाठी आंद्रेई ब्रोडर आणि सहकाऱ्यांनी छापील मजकूर वाचणाऱ्या यंत्रांचा दुबळेपणा हेरला. अक्षरे वाकवली, पार्श्वभूमी गढूळ केली, की यंत्र अडखळते आणि माणूस वाचतो. पुढे २००० मध्ये याहूच्या चॅटरूममध्ये जाहिराती घुसवणाऱ्या प्रोग्रामनी उच्छाद मांडला, तेव्हा कार्नेगी मेलन विद्यापीठातील मॅन्युएल ब्लम, लुईस फॉन आन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या कल्पनेला शास्त्रीय बैठक दिली. ‘कॅप्चा’ हे नावही त्यांचेच.

माणूस म्हणजे डोळस माणूस, हे या चाचणीत पहिल्यापासून गृहीत धरलेले होते. अंध व्यक्ती स्क्रीन रीडरच्या साहाय्याने संगणक वापरते. हा प्रोग्राम पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवतो किंवा ब्रेल पट्टीवर उमटवतो. चित्र आले, की त्याला चित्राला जोडलेल्या वर्णनावर विसंबावे लागते. असे वर्णन द्यावे, हा वर्ल्ड वाइड वेब कॉन्सॉर्शियमच्या १९९९ च्या मार्गदर्शक तत्त्वांतला अगदी पहिला मुद्दा होता. कॅप्चाला मात्र खरे वर्णन देणेच शक्य नव्हते, कारण जे स्क्रीन रीडर वाचेल ते घुसखोर प्रोग्रामही वाचेल. साधे ईमेल खाते उघडायलाही अंध माणसाला कुणा डोळस व्यक्तीला शेजारी बसवावे लागे. सुरक्षेच्या नावाखाली त्याची गोपनीयताच दुसऱ्याच्या हाती जाई. कॉन्सॉर्शियमने २००५ मध्ये मॅट मे यांनी लिहिलेले टिपण प्रसिद्ध करून हा दोष स्पष्ट शब्दांत मांडला.

यावर उपाय म्हणून गोंगाटात मिसळलेले आकडे ऐकवणारी ध्वनी-कॅप्चा आली. तिची परीक्षा २००९ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातील जेफ्री बिगम आणि ॲना कॅव्हेंडर यांनी घेतली. पहिल्याच प्रयत्नात बरोबर उत्तर देण्याचे अंध सहभागींचे प्रमाण निम्म्याहून कमी भरले. कारण ऐकायला क्षुल्लक वाटते, पण बोलके आहे. उत्तराच्या चौकटीकडे जाताच स्क्रीन रीडर बोलू लागे आणि त्याच्या आवाजाखाली ध्वनिफितीतले आकडे बुडून जात. ज्यांना दिसतही नाही आणि ऐकूही येत नाही, त्यांच्यासाठी तर हा उपाय नव्हताच. डिस्लेक्सिया असलेल्यांना वाकडी अक्षरे लागत नसत, आणि ज्यांचे हात सावकाश चालतात त्यांची मुदत टंकलेखनातच संपे.

इतकी माणसे बाहेर ठेवून यंत्रे तरी अडली का? बर्कलेच्या ग्रेग मोरी आणि जितेंद्र मलिक यांनी २००३ मध्येच ‘ईझी-गिम्पी’ ही कॅप्चा ९२ टक्के वेळा संगणकाकडून सोडवून घेतली. मग अक्षरे आणखी वाकवली गेली. २०१४ मध्ये गूगलने सांगितले, की अत्यंत अवघड वाकडी अक्षरेसुद्धा त्यांची प्रणाली ९९.८ टक्के अचूकतेने वाचते. यंत्र पास आणि माणूस नापास, असा हा निकाल होता.

त्याच वर्षी गूगलने ‘मी यंत्रमानव नाही’ ही खूण करायची चौकट आणली. आता उत्तराऐवजी वापरणाऱ्याच्या वागण्यावरून निवाडा होऊ लागला. हा बदल मोठाच होता. तरी ज्याच्याबद्दल प्रणालीला शंका येई, त्याच्यापुढे पुन्हा चित्रांचेच कोडे उभे राही. नियमांतला अधिक मूलगामी बदल ५ ऑक्टोबर २०२३ रोजी आला. कॉन्सॉर्शियमच्या मार्गदर्शक तत्त्वांच्या २.२ या आवृत्तीने सांगितले, की लॉगिन करताना पाठांतर किंवा कोडे सोडवणे सक्तीचे नसावे, त्याला पर्याय किंवा मदत हवी. पासवर्ड चिकटवू देणेही त्यात आले. तेव्हा पासवर्डऐवजी प्रसारात येत असलेली पासकी या दिशेने जाणारी आहे. तिची गुप्त किल्ली वापरणाऱ्याच्या उपकरणात किंवा पासवर्ड-व्यवस्थापकात सांभाळली जाते, आणि ती उघडायला बोटाचा ठसा, चेहरा किंवा पिन यांपैकी जमेल ते चालते.

भारतात दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये झाला, पण ग्राहकाची ओळख पटवणाऱ्या डिजिटल केवायसीने जुनीच चूक नव्या रूपात केली. समोरचा माणूस जिवंत आहे हे ठरवण्यासाठी कॅमेऱ्यापुढे पापण्या मिटायला सांगण्यात येऊ लागले. अंध व्यक्तींना कॅमेऱ्याची चौकट सापडेना, आणि ॲसिड हल्ल्यात डोळे गमावलेल्यांना पापण्या मिटणे अशक्यच होते. या अडचणी मांडणाऱ्या याचिकांवर ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती जे. बी. पारडीवाला आणि आर. महादेवन यांच्या खंडपीठाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा घटनेच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग ठरवला आणि २० निर्देश दिले. जिवंतपणाची खात्री पापण्यांखेरीज इतर मार्गांनीही करावी, अंगठ्याचा ठसा स्वीकारावा, सुगम्यतेची नियमित तपासणी व्हावी, आणि नवी प्रणाली खुली करण्यापूर्वीच्या चाचणीत अंध व्यक्तींना सामील करून घ्यावे, असे त्यांत आहे.