परसघर

ताईचा फोन आला तेव्हा तिच्यापुढे एक सरकारी कागद होता. ती मुलाकडे, सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागराजवळच्या एका शहरात राहते. भाच्याने मागच्या अंगणात तिच्यासाठी वेगळे छोटे घर बांधायचे ठरवले होते आणि त्याचा परवाना आला होता. ताई शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेली. शब्द अडला की ती पुढे जात नाही. "यात घराला 'अ‍ॅक्सेसरी' म्हटलंय," ती म्हणाली. "पर्स, कानातलं, कमरेचा पट्टा, तसं. मग त्यात राहणारी मी कोण गं?"

कागदावर होते 'अ‍ॅक्सेसरी ड्वेलिंग युनिट'. बोलताना तिकडे सगळे 'एडीयू' म्हणतात. मुख्य घर असलेल्या भूखंडावरच उभे राहणारे, स्वतःचे स्वयंपाकघर आणि न्हाणीघर असलेले दुसरे लहान घर. त्या दिवसापासून आम्ही दोघी फोनवर एकेक शब्द सोलत बसलो.

'अ‍ॅक्सेसरी'च्या मुळाशी लॅटिन क्रियापद आहे, अर्थ 'जवळ येणे, येऊन मिळणे'. जवळ येणाऱ्याला 'दुय्यम' ठरवले ते नंतरच्या वापराने. गुन्ह्यातल्या साथीदारालाही इंग्रजीत हाच शब्द आहे. आपल्या 'दुय्यम'चेही असेच झाले. फारसीत त्याचा अर्थ नुसता 'दुसरा'. मराठीत येऊन तो 'कमी प्रतीचा' झाला. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात या घरांना आधी 'सेकंड युनिट', म्हणजे अगदी 'दुय्यम'च म्हणत. 2016 साली ते नाव काढून 'अ‍ॅक्सेसरी' घातले. मला हा बदल आवडला. नुसत्या क्रमांकापेक्षा 'येऊन मिळालेले' बरे.

'ड्वेलिंग'ची कथा तर ताईने दोनदा सांगायला लावली. जुन्या इंग्रजीत या क्रियापदाचा अर्थ वाट चुकवणे, भुलवणे असा होता. त्यातून आला 'खोळंबणे', खोळंबण्यातून 'रेंगाळणे', आणि शेवटी 'वस्ती करणे'. जो वाटेत रेंगाळला, तो तिथलाच झाला. मराठीत 'राहणे'ही असेच दुहेरी आहे. काम राहते, सांगायचे राहून जाते, आणि माणूस घरात राहतो. ताई सहा महिन्यांसाठी गेली होती, भावजींच्या पश्चात. नातीचे बाळंतपण झाले, मग दुसऱ्या कारणाने मुक्काम वाढला, आणि ती राहिली. कोणत्या अर्थाने राहिली हे मी तिला विचारले नाही.

सगळ्यात जास्त वेळ आम्ही 'झोनिंग'वर घालवला. 'झोन' मूळचा ग्रीक. अर्थ कमरेला बांधायचा पट्टा. ग्रीकांनी पृथ्वीच्या अंगावरही असे पट्टे कल्पिले, आणि तेच आपल्या भूगोलाच्या पुस्तकात उष्ण कटिबंध, समशीतोष्ण कटिबंध होऊन आले. कटी म्हणजे कंबर, बंध म्हणजे बांधणे. भाषांतर इतके चपखल की पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी ते पाठ केले आणि कुणाला कमरेची आठवण झाली नाही. ताईने तो शब्द वर्गात कितीदा उच्चारला असेल! फोनवर ती क्षणभर गप्पच झाली.

शहरांना हे कमरपट्टे जर्मनीत चढले. फ्रांकफुर्टने 1891 मध्ये शहराच्या गाभ्याला एक नियम आणि बाहेरच्या भागांना वेगळे नियम लावले, म्हणजे शब्दाला शोभेसे खरेखुरे पट्टे आखले. अमेरिकेतला आरंभ मात्र मनाला लागतो. कॅलिफोर्नियातल्या मोडेस्टो गावाने 1885 मध्ये धुलाईची दुकाने गावाच्या एकाच भागात असावीत असा नियम केला. ती दुकाने चिनी लोकांची होती. 1916 मध्ये न्यूयॉर्कने संपूर्ण शहराचे झोनिंग केले, आणि त्याच वर्षी बर्कलेने असे भाग आखायची सोय केली जिथे एका भूखंडावर एकाच कुटुंबाचे घर असेल. भाच्याचे घर अशाच एका पट्ट्यात आहे. एका जागी एक घर हा निसर्गनियम वाटावा इतका तो रुळला आहे, पण त्याचे वय जेमतेम शंभर वर्षे.

या पद्धतीला तिकडे 'युक्लिडियन झोनिंग' म्हणतात. भूमितीशी तिचा संबंध वळसा घालून येतो. ओहायोत युक्लिड नावाचे गाव आहे. मोजणीदारांनी आपल्या विद्येच्या आद्य गुरूचे नाव तिथल्या जमिनीला दिले होते. त्या गावाविरुद्ध एका जमीन कंपनीने खटला भरला आणि 1926 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या बाजूने निकाल दिला. झोनिंग त्या दिवशी देशभर पक्के झाले. न्यायमूर्ती जॉर्ज सदरलंड यांनी निकालपत्रात स्वतंत्र घरांच्या वस्तीतल्या भाड्याच्या इमारतीसाठी 'पॅरासाइट' हा शब्द वापरला. बांडगूळ.

इथे मी थांबले, कारण हा शब्दही ग्रीक आहे आणि मुळात त्यात शिवी नाही. 'पारा' म्हणजे शेजारी, 'सितोस' म्हणजे धान्य, अन्न. शेजारी बसून जेवणारा. देवळातल्या विधीनंतर पंगतीला बसण्याचा मान असलेल्या माणसांना ते नाव होते. पुढे विनोदी नाटकांनी त्याला फुकटखाऊ करून टाकले. आपल्याकडे शेजारी बसून जेवणाऱ्याला पंगतीतला म्हणतात, आणि पंगतीतून कुणाला उठवणे याइतके वाईट काही नाही. न्यायमूर्तींनी शब्दाचा नंतरचा अर्थ घेतला. शंभर वर्षे लाखो लोक त्या अर्थामुळे पंगतीबाहेर राहिले असे मला मनापासून वाटते.

त्यांना परत पंगतीत आणण्याची धडपड कायद्यानेच हळूहळू केली. 1982 मध्ये कॅलिफोर्नियाने अशी दुसरी घरे मंजूर करण्याची वाट शहरांना दाखवली, पण ती वाट बहुतेक ठिकाणी जाहीर सुनावणीतून जायची. शेजारी येत, गाड्या कुठे लावणार विचारत, सावली पडेल म्हणत. आपल्या भाषेत, हरकत घेत. 'हरकत' अरबीत म्हणजे हालचाल, आणि गाण्यातली हरकत अजून तशीच आहे, स्वरांची चपळ हालचाल. सरकारी मराठीत मात्र ती हालचाल थांबवणारी झाली. म्हणून आपल्याला 'ना हरकत' प्रमाणपत्र लागते. शब्दशः पाहिले तर न हलण्याचे प्रमाणपत्र.

2002 च्या कायद्याने सुनावणी काढून टाकली आणि मंजुरी 'मिनिस्टीरियल' केली. ताईला वाटले मंत्र्याची सही लागणार. नेमके उलटे आहे. लॅटिनमध्ये 'मिनिस्टर' म्हणजे सेवक. 'मायनस'शी त्याचे नाते, जो कमी आहे तो. त्याच्या समोरचा 'मॅजिस्टर', जो अधिक आहे तो, मास्तर. सेवकाने स्वतःचे मत लावायचे नसते. मोजमाप नियमात बसले की कारकुनाने शिक्का द्यायचा, बसले नाही तर नाही. कुणाची मर्जी नाही, कुणाची ओळख नाही. तरी शहरांनी मोठ्या भूखंडाची, जास्तीच्या पार्किंगची अट घालून बरीच वर्षे अडवले. 2016 मध्ये आणि पुन्हा 2019 मध्ये राज्याने नियम बदलले तेव्हा कुठे दार उघडले. आता अर्ज पूर्ण असेल तर 60 दिवसांत निर्णय द्यावा लागतो, नाहीतर मंजुरी मिळाली असे धरतात. आपला 'मंजूर' आठवा: अरबी 'नजर'चाच तो भाऊ, 'पाहिले गेलेले'. कागदावर कुणाची नजर पडली म्हणजे तो मंजूर. तिकडे मुदत उलटली तर न पाहिलेलेही मंजूर होते.

घर 740 चौरस फुटांचे आहे, आणि आकडा सहज आलेला नाही. 750 फुटांच्या आत असेल तर शहराला विकासशुल्क घेता येत नाही, आणि भाच्याला तेवढेच परवडणार होते. इंग्रजीत माणूस 'अफोर्ड' करतो. त्या क्रियापदाचा जुना अर्थ पुढे नेणे, तडीस नेणे. न परवडले तर तो माणूस कमी पडला. मराठीत कर्ता घर आहे. घर मला परवडते किंवा परवडत नाही. दोष घराकडे राहतो, माणसाकडे येत नाही. हा फरक मला लहान वाटत नाही.

पुढचे घर मात्र भाच्याला ठाऊक नसताना आपल्याच ओळखीचे निघाले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्या भागात जी बसकी, पुढे ओसरी असलेली घरे बांधली, त्यांना 'कॅलिफोर्निया बंगलो' म्हणतात. बंगलो म्हणजे आपला बंगला, आणि बंगला म्हणजे बंगालचा, बंगाली धाटणीचा. खेड्यातली गवताने शाकारलेली झोपडी ती. सतराव्या शतकात इंग्रज व्यापाऱ्यांनी नाव उचलले. आपण 'गाडी-बंगला' म्हणतो तेव्हा कुठे ती झोपडी आठवते?

एका शब्दाला मात्र मराठीच जास्त उपयोगी पडली. कुंपणापासून बाजूला आणि मागे चार फूट जागा मोकळी सोडायची असते. आपल्या नगरपालिकांत त्याला 'सामासिक अंतर' म्हणतात. ताईने हजारो वह्यांवर 'समास सोडा' असे लिहिले आहे. व्याकरणातला समास दोन शब्दांना जोडतो, आणि वहीतला समास कोरा सोडायचा असतो. त्या चार फुटांना ती लगेच 'माझा समास' म्हणू लागली.

घराला नाव हवे होते. सॅन फ्रान्सिस्कोत 'इन-लॉ युनिट' म्हणतात, ऑस्ट्रेलियात 'ग्रॅनी फ्लॅट'. ताईला दोन्ही नको होते. सासू म्हणूनही नाही, आजी म्हणूनही नाही. मी 'परसबाग'वरून 'परसघर' सुचवले. हवाईत याला 'ओहाना' म्हणतात, कुटुंब या अर्थाने. तिकडचे जाणकार तो शब्द 'ओहा'पासून आल्याचे सांगतात, अळूच्या कंदाला बाजूने फुटणारा कोंब. हे मी सांगितले आणि फोनवर बराच वेळ शांतता होती.

परवा तिने फोटो पाठवला. परसघराच्या मोरीचे पाणी जिथे उतरते, तिथे समासात अळूचे तीन कंद लावले आहेत. एकाला फुटवा आला आहे.