गिऱ्हाईक न मिळालेली ‘सुहैली’

दूरच्या सागरी प्रवासासाठी पारंपरिक पद्धतीने बांधलेली शिडाची नौका विक्रीस निघाली, तर तिचे मोल कशावरून ठरवावे, हा नौकानयनाच्या जगातील जुना प्रश्न आहे. वेग, रंगरंगोटी आणि आतील सोयी चटकन नजरेत भरतात. लाकडाची जात, सांध्यांचा घट्टपणा आणि तळाची ठेवण यांची परीक्षा मात्र खुल्या समुद्रातच होते. या प्रश्नाचे सर्वांत बोलके उदाहरण मुंबईत घडले. कुलाब्यातील कारागिरांनी सागवानात बांधलेली ‘सुहैली’ ही नौका १९६० च्या दशकात इंग्लंडमध्ये विकण्यास काढण्यात आली होती. तिला गिऱ्हाईक मिळाले नाही. पुढे याच नौकेतून तिच्या मालकाने एकट्याने, कोणत्याही बंदरात न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली. जगात असे प्रथमच घडत होते.

हे मालक म्हणजे रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन. ‘ब्रिटिश इंडिया स्टीम नेव्हिगेशन’ कंपनीच्या जहाजांवर अधिकारी असलेला हा तरुण मुंबई आणि इराणच्या आखातातील बंदरांमध्ये ये-जा करीत असे. एक नौका बांधून तिच्यातूनच मायदेशी जावे, असा बेत त्याने दोन सहकाऱ्यांसह आखला. इंग्लंडहून आराखडे मागविले. पार्सल उघडल्यावर मात्र जाहिरातीत पाहिलेल्या नौकेऐवजी भलत्याच, जुन्या वळणाच्या नौकेचे नकाशे हाती आले. ते परत पाठवून दुसरे मागविण्याइतका वेळ नव्हता. म्हणून जे आले तेच बांधायचे ठरले. पुढे सहकारी एकेक करून बाजूला झाले आणि नौका एकट्या नॉक्स-जॉन्स्टन यांची झाली.

चुकून आलेला तो आराखडा अमेरिकी रचनाकार विल्यम ॲटकिन यांच्या ‘एरिक’ या नौकेचा होता. त्याचे मूळ नॉर्वेत आहे. लार्विक येथील कॉलिन आर्चर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथील मच्छीमारांच्या बचावासाठी खास नौका तयार केल्या. ध्रुवप्रदेशाच्या मोहिमेसाठी नान्सेन यांनी वापरलेले ‘फ्राम’ हे जहाजही आर्चर यांचेच. बचावनौकेला वादळात बंदर सोडून बाहेर पडावे लागे आणि संकटातील होड्यांची राखण करीत तेथेच थांबावे लागे. त्यामुळे तिला नाळेप्रमाणे मागेही निमुळते टोक दिले जाई, म्हणजे पाठीमागून येणारी लाट आदळण्याऐवजी दुभंगून जाई. तळाचा कणा, ज्याला नौकानयनाच्या भाषेत कील म्हणतात, तो पुढून मागपर्यंत लांबलचक असे. अर्जेंटिनाचे व्हितो दुमास यांनी १९४२-४३ मध्ये दक्षिणेकडील खवळलेले महासागर ज्या नौकेतून एकट्याने पार केले, तीही याच घराण्यातील. ‘सुहैली’ची लांबी अवघी साडेबत्तीस फूट आणि रुंदी सुमारे ११ फूट. तिला दोन डोलकाठ्या असून मागची आखूड आहे. या रचनेला केच असे नाव आहे. शिडे लहान लहान भागांत विभागलेली असल्याने एकट्या माणसाला ती आवरता येतात. नाव अरबी खलाशांच्या बोलीतून घेतलेले. आखातात आग्नेयेकडून येणाऱ्या वाऱ्याला ते सुहैली म्हणतात, आणि सुहैल हे आपल्याकडील अगस्त्य ताऱ्याचे अरबी नाव आहे.

आराखडा परका असला, तरी नौका घडली ती मुंबईच्या रीतीने. विजेच्या यंत्रांऐवजी वाकस आणि दोरी लावलेल्या धनुकलीने फिरवायचा सामता ही कारागिरांची मुख्य हत्यारे होती. लाकूड तासून वळणात बसवायचे, भोके हाताने पाडायची आणि फळ्यांमधील फटींत कापूस ठोसून त्या बंद करायच्या, असा हा खाक्या. या बंदराला ते काम नवे नव्हते. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईस आले आणि त्यांच्या घराण्याने येथील गोदीत ब्रिटिश आरमारासाठी सागवानी युद्धनौका बांधल्या. त्यांपैकी १८१७ मध्ये पाण्यात उतरलेली ‘त्रिंकोमाली’ इंग्लंडमधील हार्टलपूल येथे आजही तरंगते आहे. सागवानात नैसर्गिक तेल असते, त्यामुळे ते पाण्याने सहसा कुजत नाही. ओक लाकडाच्या आम्लामुळे लोखंडी खिळे गंजतात, तसा त्रासही सागात कमी होतो.

हे लाकूड मुख्यतः मलबारातून येई. परंतु खानदेशाकडील जंगलांवरही गोदीची नजर होती. नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरपासून जवळच असलेल्या डांगच्या जंगलांचे भाडेपट्टे ब्रिटिशांनी १८४२ मध्ये तेथील भिल्ल राजांकडून मिळविले, ते सागवानासाठीच. समुद्राचे तोंडही न पाहिलेल्या डोंगरी मुलखाचा जहाजबांधणीशी जडलेला हा संबंध इतिहासाच्या पुस्तकांत फारसा येत नाही. या भागातील वनवासींचे जंगलावरील हक्क आकसत गेले, त्याची एक सुरुवात त्या पट्ट्यांत शोधावी लागते.

१९६५ च्या डिसेंबरात ‘सुहैली’ मुंबईहून निघाली. सोबत नॉक्स-जॉन्स्टन यांचे बंधू आणि एक मित्र होता. पैसे संपल्याने दक्षिण आफ्रिकेत थांबून कमाई करावी लागली आणि १९६७ मध्ये नौका इंग्लंडला पोहोचली. त्याच वर्षी फ्रान्सिस चिचेस्टर सिडनीला केवळ एक मुक्काम करून पृथ्वीभोवती एकट्याने फिरून आले होते. आता उरला होता एकच पराक्रम, तो म्हणजे मुक्कामच न करण्याचा. त्यासाठी नॉक्स-जॉन्स्टन यांना ‘सुहैली’ पुरेशी वाटत नव्हती. कॉलिन मुडी यांच्याकडून त्यांनी ५३ फुटी पोलादी नौकेचा आराखडा करून घेतला, पुरस्कर्त्यांचे उंबरठे झिजविले आणि पैसे उभे करण्यासाठी ‘सुहैली’ विक्रीस काढली. पुरस्कर्ता मिळाला नाही आणि गिऱ्हाईकही नाही. खरेदीदारांना दोष देण्यात अर्थ नाही. वेगाची आणि फायबरग्लासची ओढ लागलेल्या त्या काळात जड, संथ आणि चाळीस वर्षांपूर्वीच्या आराखड्यावर बांधलेली नौका त्यांना जुनाटच वाटणार. गंमत म्हणजे मालकाचे मतही त्यांच्याहून फार वेगळे नव्हते. अखेर आहे त्याच नौकेतून जाण्याचा निर्णय झाला.

‘संडे टाइम्स’ या वृत्तपत्राने १९६८ मध्ये ‘गोल्डन ग्लोब’ स्पर्धा जाहीर केली. नऊ जण उतरले. १४ जून १९६८ रोजी फालमथ बंदरातून निघालेली ‘सुहैली’ ३१२ दिवसांनी, २२ एप्रिल १९६९ रोजी तेथेच परतली. सरासरी वेग ताशी सुमारे चार सागरी मैल, म्हणजे भरभर चालणाऱ्या माणसाइतका. बाकीच्या आठांपैकी एकही जण स्पर्धा पूर्ण करू शकला नाही. कोणी आफ्रिकेपर्यंतच पोहोचले, कोणाची डोलकाठी मोडली. बर्नार म्वातेसिए बक्षिसाकडे पाठ फिरवून ताहितीला निघून गेले. नायजेल टेटली यांची वेगवान नौका, अर्थात तीन सांगाड्यांचा ट्रायमरान, शेवटच्या टप्प्यात फुटून बुडाला. खोट्या नोंदी करीत अटलांटिकमध्येच रेंगाळलेले डोनाल्ड क्राउहर्स्ट परतलेच नाहीत. नॉक्स-जॉन्स्टन यांनी आपले पाच हजार पौंडांचे बक्षीस क्राउहर्स्ट यांच्या कुटुंबाला दिले.

‘सुहैली’ निर्दोष होती, असे नव्हे. अटलांटिकमध्येच तिला गळती लागली. कील आणि तिच्या लगतची फळी यांच्या सांध्यातील कापूस निघू लागला होता. नॉक्स-जॉन्स्टन यांनी पाण्यात बुड्या मारून त्या फटीत पुन्हा कापूस भरला आणि वरून तांब्याची पट्टी ठोकली. दक्षिण महासागरात लाटेने नौका आडवी केली तेव्हा केबिन डेकपासून सुटू लागली. पिण्याचे पाणी खराब झाले, रेडिओ बंद पडला. स्वयंचलित सुकाणूची यंत्रणा ऑस्ट्रेलियाजवळ पोहोचेपर्यंत निकामी झाली आणि निम्म्याहून अधिक मार्ग तिच्याशिवाय कापावा लागला. येथे जुन्या आराखड्याचा गुण कामी आला. लांब कीलमुळे शिडे नेमकी जुळविली की नौका आपल्या वाटेवर बऱ्यापैकी राही आणि एकट्या खलाशाला झोप घेता येई. ज्या ठेवणीमुळे ती संथ ठरली होती, त्याच ठेवणीने तिला परत आणले.

नवी लाकडी नौका घेऊ इच्छिणाऱ्याने पाहायच्या गोष्टी या प्रवासाने दाखवून दिल्या आहेत. कीललगतचा पहिला सांधा, डेक आणि केबिन यांची जोडणी, आणि खिळे व बोल्ट कोणत्या धातूचे आहेत, ही ती ठिकाणे. पाण्यात प्रथम उतरलेली फळ्यांची नौका काही दिवस थोडी पाझरते. लाकूड फुगले की फटी मिटतात, हे साधारण आहे. पाझर थांबलाच नाही, तर मात्र शंका घ्यावी.

आणखी एक धडा अनपेक्षित ठिकाणी मिळाला. १९९७ मध्ये ‘सुहैली’ ग्रीनिच येथील राष्ट्रीय सागरी संग्रहालयात ठेवण्यात आली. तेथील कोरड्या हवेत फळ्या आकसू लागल्या. दक्षिण महासागराने जे केले नाही, ते निगुतीने राखलेल्या दालनात होऊ लागले. २००२ मध्ये नॉक्स-जॉन्स्टन यांनी तिला बाहेर काढले आणि जुन्या खिळ्यांच्या जागी नवे बसविण्याचे बरेचसे काम स्वतःच्या हातांनी केले. २०१६ मध्ये ती पुन्हा पाण्यात उतरली.

भारतातही तिचा वारसा पुन्हा उगवला. नौदलाचे दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये ‘म्हादेई’तून चार मुक्काम करीत एकट्याने सागर परिक्रमा पूर्ण केली, तर अभिलाष टॉमी यांनी त्याच नौकेतून १ नोव्हेंबर २०१२ ते ३१ मार्च २०१३ या काळात विनाथांबा. पहिल्या ‘गोल्डन ग्लोब’ला ५० वर्षे झाली म्हणून २०१८ मध्ये तीच स्पर्धा जुन्या नियमांनी, म्हणजे जीपीएसविना, भरविण्यात आली. तिच्यासाठी ‘म्हादेई’ जेथे बांधली गेली, त्याच गोव्यातील ॲक्वेरियस गोदीत रत्नाकर दांडेकर यांनी ‘सुहैली’ची लाकडी प्रतिकृती ‘थुरिया’ बांधली आणि टॉमी तिच्यातून निघाले. २१ सप्टेंबर २०१८ रोजी दक्षिण हिंदी महासागरातील वादळात ती उलथली आणि दोन्ही डोलकाठ्या मोडल्या. पाठीला गंभीर इजा झालेल्या टॉमी यांना तीन दिवसांनी ‘ओसिरिस’ या फ्रेंच जहाजाने वाचविले. ‘थुरिया’ समुद्रातच सोडावी लागली. त्याच वादळात निराळ्या आराखड्याच्या आणखी एका नौकेनेही डोलकाठ्या गमावल्या, तेव्हा दोष एकट्या जुन्या घडणीवर ढकलता येत नाही. पण जुनी घडण म्हणजे अभयकवच, हा समजही टिकत नाही.

पुढच्या, २०२२ मध्ये सुरू झालेल्या स्पर्धेसाठी टॉमी यांनी ‘बायानात’ ही ‘रस्लर ३६’ जातीची फायबरग्लासची नौका निवडली आणि एप्रिल २०२३ मध्ये दुसरा क्रमांक पटकावला. लांब कील मात्र त्याही नौकेला होती.